घोड्यांसाठी खाऊ आणताय? आधी हे वाचा

(पागेवर भेटीला येणाऱ्यांसाठी, घोडा दत्तक घेतलेल्यांसाठी आणि आपला निवृत्त घोडा आमच्याकडे ठेवू इच्छिणाऱ्यांसाठी)

बुकिंगचा फोन ठेवता ठेवता जवळजवळ प्रत्येक जण विचारतो, "येताना घोड्यांसाठी काय आणू?" आम्ही "काही नको" म्हणतो. ते भिडेखातर म्हटलेलं समजलं जातं आणि रविवारी गाड्यांच्या डिकीतून गाजरांच्या पिशव्या, गुळाची ढेप, भिजवलेले हरभरे, पावाच्या लाद्या आणि आदल्या रात्रीच्या उरलेल्या पोळ्या बाहेर पडतात. काही सोसायट्यांमधून तर लॉनचं कापलेलं गवत पोतं भरून येतं. म्हणून एकदा सविस्तर लिहून काढतोय. आमचं "काही नको" खरोखरचं आहे.

इथे कोण राहतं ते तुम्हाला ठाऊक आहेच. रेसमधून निवृत्त झालेले थरोब्रेड, वरातीच्या घोड्या, थंड हवेच्या ठिकाणी पर्यटक वाहून गुडघे गेलेली तट्टं, आणि मुंबईच्या व्हिक्टोरिया घोडागाड्यांचे उरलेसुरले म्हातारे. हौसेच्या फेऱ्या मारणाऱ्या या गाड्या उच्च न्यायालयाने २०१५ साली बेकायदा ठरवल्या आणि बंद करायला वर्षभराची मुदत दिली. गाड्या मुदतीत बंद करता येतात, घोडा मात्र नीट सांभाळला तर २५-३० वर्षं जगतो. रेसचा घोडा तर सहाव्या-सातव्या वर्षीच धावायचा थांबतो, म्हणजे त्याचं बहुतेक आयुष्य पुढेच असतं. ते कसं जातं हे त्याच्या पोटावर ठरतं.

आता या पोटाबद्दल. घोड्याला उलटी होत नाही. अन्ननलिका जठराला मिळते तिथला स्नायू इतका घट्ट असतो की एकदा आत गेलेलं परत वर येत नाही. एवढ्या मोठ्या जनावराचं जठर असतं जेमतेम ८ ते १५ लिटरचं. घोडा बनलाय तो दिवसाचे १५-१६ तास थोडंथोडं गवत चावत राहण्यासाठी. गवत खरं पचतं ते पुढे, मोठ्या आतड्यात, तिथल्या जंतूंच्या मदतीने. पाव, पोळी, धान्य, गूळ असं पिष्टाचं आणि साखरेचं खाणं एकदम जास्त पडलं की लहान आतड्याला ते आवरत नाही. ते तसंच पुढे सरकतं, आंबतं, वायू धरतो, आम्ल वाढतं. मग पोटशूळ उठतो. त्यातून वाचला तरी एक-दोन दिवसांनी खुरांच्या आत दाह सुरू होतो आणि घोडा पाऊल टाकेनासा होतो. पुष्कळांना हे पटत नाही, कारण पोळी पोटात गेली आणि पाय कसा दुखेल असं वाटतं. पण होतं तसंच, आणि खुराचा दाह बरा व्हायला महिने लागतात.

"पण घोड्याला पूर्वापार हरभरेच घालतात की!" हे वाक्य आम्ही दर आठवड्याला ऐकतो. बरोबर आहे. घोड्याला चंदी, म्हणजे दाण्याचा खुराक, असतोच, आमच्याकडेही आहे. पण ती मापून, भिजवून, भरडून, ठरल्या वेळेला आणि त्या घोड्याच्या कामाच्या हिशेबाने असते. दिवसभर टांगा ओढणाऱ्याची चंदी वेगळी आणि आंब्याखाली उभं राहून शेपटीने माश्या हाकणाऱ्याची वेगळी. सकाळपासून सहा कुटुंबांनी प्रत्येकी "फक्त मूठभर" घातले, तर त्या हरभऱ्यांचं माप कुणाकडेच नसतं.

म्हाताऱ्या घोड्यांची गोष्ट याहून नाजूक आहे. घोड्याचे दात जन्मभर झिजत असतात, वर्षाला दोन-तीन मिलिमीटर, आणि तेवढेच वर सरकत राहतात. पंचविशीनंतर वर सरकायला फारसं काही उरत नाही. आमच्या बिजलीला तुम्ही पाहिलं असेल. ती गवताचा घास चघळते आणि त्याची ओली गोळी खाली टाकते. लोकांना वाटतं नखरे करते, पण तिला ते चावतच नाही. तिच्यासाठी आम्ही गव्हाचा कोंडा, भरडलेला जव आणि बारीक कापलेली लसूणघास भिजवून लगदा करतो, दिवसातून चार वेळा. अशा घोडीला कुंपणावरून अख्खं गाजर किंवा पावाचा कोरडा तुकडा मिळाला तर तो न चावता आत जातो आणि गळ्यात अडकतो. मग नाकपुड्यांतून लाळ आणि खाल्लेलं बाहेर येऊ लागतं. ते दृश्य लहान मुलांनी बघावं असं नाही. वरातीतून आलेल्या घोड्यांपैकी काहींच्या जिभेवर काटेरी लगामाचे जुने चिरे आहेत. असा लगाम वापरायला १९६५ च्या नियमांपासून बंदी आहे, तरी तो अजून दिसतो. त्या घोड्याही सावकाश खातात, त्यांना घाई करून चालत नाही.

"याच्या बरगड्या दिसतायत, याला खायला घालत नाही का?" हा प्रश्न जरा रागानेच विचारला जातो, आणि तो विचारला जावा असंच आम्हालाही वाटतं. डाव्या हाताच्या वेगळ्या खोपटात जो घोडा दिसतो तो बहुधा नुकताच सोडवून आणलेला असतो. बरेच दिवस उपाशी राहिलेल्या घोड्याला एकदम भरपूर दाणा घातला तर तो मरू शकतो, आणि तेही तीन ते पाच दिवसांत, म्हणजे सुटका झाली म्हणून सगळे खूश असतात तेव्हा. धान्यातली साखर रक्तात उतरते, तिच्यामागे रक्तातले क्षार पेशींमध्ये खेचले जातात, आणि हृदय व श्वासाचे स्नायू दगा देतात. म्हणून सुरुवातीला त्याला फक्त लसूणघास, तीही थोडीथोडी, दर चार तासांनी, रात्रीसुद्धा. दाणा बऱ्याच दिवसांनी. अंगावर मांस धरायला महिने जातात. खोपटाबाहेर "खाऊ घालू नये" अशी पाटी आहे, आणि सगळ्यात जास्त खाऊ त्याच पाटीखाली सापडतो. बरगड्या बघून जीव तुटतो हे कळतं. पण त्या खोपटात टाकलेली गुळाची एक ढेप त्याच्यासाठी सगळ्यात धोक्याची असते.

कुंपणावरून खाऊ घालण्याचा आणखी एक त्रास असतो, तो माणसांना. घोड्याला तोंडासमोरचं अगदी जवळचं दिसत नाही. तो ओठांनी चाचपून घेतो, त्यात बोटं आली तर बोटंही. शिवाय कळपात मानपान कडक असतो. एकाला गाजर दिलंत की मागचा वरचढ घोडा त्याला लाथ घालून हटवतो, आणि लाथ नेहमी नेमकीच लागते असं नाही.

दसरा आणि चंपाषष्ठी हे आमचे सगळ्यात गर्दीचे दिवस. घोड्याची पूजा करायला लोक लांबून येतात. खंडोबाचं वाहन म्हणून पाया पडतात. त्याला आमची कधीच हरकत नव्हती. हळदीकुंकवाचं बोट कपाळाला लावा, फक्त डोळ्यांपासून लांब. हार मात्र घालायचा आणि लगेच काढून घ्यायचा, कारण घोडा तो खातो. झेंडूने फारसं बिघडत नाही, पण हारात कण्हेर असते. कण्हेरीची थोडी पानंसुद्धा घोड्याचं हृदय बंद पाडतात. रस्त्याच्या दुभाजकावरून "हिरवं आहे" म्हणून तोडून आणलेली फांदी हीच असते, हे लक्षात असू द्या. कोवळी हिरवी ज्वारी आणि लॉनचं कापून पोत्यात तापलेलं गवत, दोन्ही तितकंच नको.

आता या पत्रकातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट. सूचना देऊनही कुणीतरी काहीतरी घालणार, हे आम्ही गृहीत धरलंय. नातवाने हट्ट केला, मन राहवलं नाही, होतं. आमचा वेळ त्यापेक्षा जास्त जातो तो न सांगण्याने.

पोटशूळ साधारण काही तासांनी दिसतो, तोवर तुम्ही एक्स्प्रेसवेवर असता. घोडा पुढच्या पायाने जमीन खरवडतो, मान वळवून कुशीकडे बघतो, घामाघूम होतो, लोळू लागतो, लीद टाकत नाही. मोतद्दार, म्हणजे घोड्यांची निगा राखणारा माणूस, त्याला धरून सावकाश चालवत राहतो, म्हणजे तो लोळणार नाही. डॉक्टर शहरातून येतात, नाकातून जठरापर्यंत नळी घालून कोंडलेलं बाहेर काढतात. उलटी होत नसल्याने तोच एक मार्ग असतो. आणि आल्या आल्या त्यांचा पहिला प्रश्न असतो, "काय खाल्लं, किती, कधी?" याचं उत्तर आमच्याकडे नसलं तर डॉक्टर अंदाजाने चालतात, आणि त्या वेळेत घोडा कळा सोसत असतो. त्या दिवशीच्या नोंदवहीतल्या प्रत्येकाला आम्ही रात्री फोन करतो. बहुतेक जण "छे, आम्ही काहीच नाही" म्हणतात. दुसऱ्या दिवशी जागरणाने मोतद्दार उभे राहू शकत नाहीत, मग सकाळच्या भेटी रद्द होतात, आणि ज्यांच्या भेटी रद्द होतात ते आमच्यावर चिडतात.

म्हणून एवढंच करा: खायला घातलं असेल तर निघण्याआधी सांगा. फाटकावरच्या मुलाला सांगा, नाहीतर घरी गेल्यावर मेसेज टाका. "करड्या घोडीला दोन पाव, अकराच्या सुमारास" एवढं पुरे. दंड नाही, रागावणं नाही, पुढच्या वेळी प्रवेश नाकारणंही नाही. वेळेत कळलं तर आम्ही त्या घोड्याची चंदी त्या दिवशी बंद ठेवतो, लक्ष ठेवतो, आणि बऱ्याचदा डॉक्टरांना बोलवायची वेळच येत नाही.

ज्यांना हाताने भरवायचंच आहे त्यांच्यासाठी सोय आहे. फाटकाशी खाऊची वाटी मिळते, ६० रुपयांना. आत लांब उभे चिरलेले गाजराचे तुकडे, थोडी काकडी, लसूणघासेची जुडी. त्या दिवशी कुणाला किती चालेल ते फळ्यावर लिहिलेलं असतं आणि वाट्याही तेवढ्याच असतात, संपल्या की संपल्या. मोतद्दार शेजारी उभा राहतो, तळहात सपाट कसा ठेवायचा ते मुलांना दाखवतो. "बाहेर गाजर एवढं महाग नाही" असं म्हणणारे भेटतात. ६० रुपये गाजराचे नाहीतच, शेजारी उभ्या माणसाचे आहेत. भरवण्यापेक्षा खरारा करायला, म्हणजे घोड्याचं अंग ब्रशने घासायला, मिळालं तर मुलं जास्त रमतात असा आमचा अनुभव आहे, आणि तो प्रवेशशुल्कातच येतो. मोठ्यांनीही करून बघा, हात चांगले भरून येतात.

बाकीचे नेहमीचे प्रश्न थोडक्यात. इथे घोड्यावर बसायला मिळत नाही, फोटोपुरतंही नाही. पाठ आणि सांधे संपलेत म्हणूनच ते इथे आहेत. काळ्या घोड्याची नाल मिळत नाही. आमचे बहुतेक घोडे अनवाणीच आहेत, नालबंद दर सहा-आठ आठवड्यांनी येतो तो खूर कापायला. घोडा आडवा झोपलेला दिसला तर घाबरून ओरडू नका. घोडे उभ्याने डुलकी काढतात, पण गाढ झोपेसाठी त्यांना आडवं व्हावंच लागतं, आणि आडवा झोपलेला घोडा म्हणजे त्याला इथे सुरक्षित वाटतंय.

आपला घोडा आमच्याकडे ठेवणाऱ्यांना खाण्याचीच एक विनंती. मुंबईचा रेसचा हंगाम संपला की असे फोन वाढतात. घोड्यासोबत तो सध्या खात असलेला खुराक निदान दहा दिवसांचा पाठवा आणि खरा आकडा सांगा. "थोडा ओट खातो" म्हणून आलेला घोडा तिकडे दिवसाला पाच किलो खात असतो. नवा चारा आम्ही हळूहळूच मिसळतो. शिवाय ग्लँडर्सच्या रक्ततपासणीचा अहवाल आल्याशिवाय घोडा फाटकाच्या आत येत नाही, मग मालक कितीही ओळखीचा असो. हा रोग माणसालाही होतो, त्यावर लस नाही, आणि बाधित घोड्याला कायद्यानुसार दयामरण द्यावं लागतं. एकासाठी सगळ्यांचा जीव आम्ही पणाला लावणार नाही. रिकाम्या जागा कमी असतात, तेव्हा चौकशी मार्चमध्येच केलेली बरी.

प्रवेशशुल्क कशाला, याबद्दल: चारशे किलोचा घोडा दिवसाला सहा ते आठ किलो सुकी वैरण खातो, आणि ती पावसाळ्याआधीच भरून ठेवावी लागते. चिपळूणच्या छावणीतल्या अधिकाऱ्यांना शिवाजी महाराजांनी पत्र लिहून बजावलं होतं की दाणा-वैरण पावसाळाभर पुरवून वापरा, आणि उंदराने पेटती वात ओढत नेली तरी गवताच्या गंजीला आग लागेल, तेव्हा सांभाळा. आमच्याही गंजीजवळ विडी-सिगारेट चालत नाही.

भेटीची वेळ सकाळी ८ ते ११.३० आणि दुपारी ४ ते ६, सोमवारी बंद. दुपारच्या मधल्या वेळेत घोडे विसावा घेतात, फाटक उघडत नाही. कुजवलेल्या लिदीचं खत पोत्याच्या हिशेबाने मिळतं, गुलाबाला आणि गच्चीवरच्या भाजीला उत्तम. येताना रिकामी पोती आणलीत तर दरात सूट. डिकीत गाजरांऐवजी ती आणा.