भावनियमनातील अडचणी आणि मंत्रचळ

मंत्रचळात (ओसीडी) नकोसे विचार, प्रतिमा किंवा ऊर्मी मनात पुन्हा पुन्हा घुसतात. त्यांतून उठलेली अस्वस्थता शमवायला माणूस तीच ती कृती करत राहतो: हात धुणे, कुलूप तपासणे, मोजणे, मनातल्या मनात शब्द घोकणे. भावनियमन म्हणजे उठलेली भावना ओळखणे आणि तिचा जोर सांभाळत हातातले काम चालू ठेवणे. मंत्रचळातली कृती हा भावना आवरण्याचाच प्रयत्न असतो, पण फसणारा.

कुलूप तपासले की भीती लगेच उतरते. ही सुटकाच सवय पक्की करते. मानसशास्त्रात याला ऋण प्रबलन म्हणतात. कृती न करताही भीती ओसरली असती, हे कळायची संधी मात्र हुकते. विचार दाबणेही उलटते: मानसशास्त्रज्ञ डॅनियल वेग्नर यांच्या १९८७ च्या प्रयोगात पांढऱ्या अस्वलाचा विचार टाळायला सांगितलेल्यांना तो टाळता आला नाही.

मानसशास्त्रज्ञ ग्राट्झ आणि रोमर यांची २००४ ची ३६ विधानांची प्रश्नावली भावनियमनातील अडचणींची सहा अंगे मोजते: भावनेचा अस्वीकार, ध्येयाकडे लक्ष न लागणे, आवेग न आवरणे, भावनेकडे दुर्लक्ष, तिच्याविषयी संदिग्धता, आणि उपायच नाही असे वाटणे. मंत्रचळाची तीव्रता येल-ब्राऊन मापनावर ० ते ४० गुणांत मोजतात. दोन्हींचे गुण सोबत वाढलेले दिसले, तरी आधी काय सुरू झाले हे एकदाच भरलेल्या प्रश्नावलीवरून ठरत नाही.

उपचारात सामोरे जाणे व प्रतिसाद रोखणे ही पद्धत मध्यवर्ती आहे. तिचा पाया व्हिक्टर मेयर यांनी १९६६ मध्ये घातला. भीतीच्या प्रसंगांना ० ते १०० गुण देऊन यादी करतात, मधल्या गुणांपासून सुरुवात करतात, आणि प्रसंगाला भिडल्यावर भीती शमवणारी नेहमीची कृती करत नाहीत. अस्वस्थता लगेच उतरलीच पाहिजे असे नाही. ती सोसता येते हे कळणे अधिक मोलाचे.

इथे सर्वांत जास्त चुकते ते भावनियमनाच्या नावाखालीच. शांत होण्यासाठी शिकवलेला दीर्घ श्वास प्रत्येक भीतीवर घेतला जाऊ लागला, की तोच नवा विधी, म्हणजे भीती शमवण्याची आणखी एक कृती, होतो. मनातली प्रार्थना किंवा उजळणी बाहेरून दिसत नाही, म्हणून तिच्याविषयी मुद्दाम विचारावे लागते. घरच्यांचे "काही होणार नाही" हे आश्वासनही प्रेमाने दिलेले असते, पण ते हात धुण्यासारखेच काम करते. त्याऐवजी "तुला आत्ता फार भीती वाटतेय, मी इथेच आहे" एवढेच म्हणावे आणि खात्री देऊ नये.