कलौंजी म्हणजे कांद्याचं बी नव्हे

कलौंजीच्या पाकिटावर ‘ब्लॅक अनियन सीड’ छापलेलं दिसलं की मला राहवत नाही. त्याच नावाचं शब्दशः मराठी करून पाककृतींतही ‘कलौंजी, म्हणजेच कांद्याचं बी’ असं सर्रास लिहितात.

कांद्याचं बी, नाशिककडचं उळे, शेतकऱ्याला सांगायला नको. गोट, म्हणजे बियांसाठी राखलेले कांदे, लावा, डेंगळे, म्हणजे फुलांचे दांडे, येतात, गोंडे फुलतात, बोंडाच्या तीन कप्प्यांत प्रत्येकी फार तर दोन बिया. कलौंजीचं बोंड फुगीर, बियांनी गच्च. बिया दोन्हींच्या काळ्या, कोनदार, सुरकुतलेल्या, म्हणून रंगरूपावर विसंबू नका. चिमटीत चोळा: कलौंजीला ओवा-मिऱ्यांसारखा वास येतो, कांद्याच्या बीला जवळजवळ नाही. आणि पेरणीच्या पाकिटातलं बी फोडणीत कधीच टाकू नका. त्याला बहुधा बुरशीनाशक चोळलेलं असतं.

खरी गफलत पुढे होते, तीही वनस्पतिशास्त्र शिकलेल्यांची. कांदा एकदल, कलौंजी द्विदल, हे पाठ असतं. मग कलौंजीचा दाणा फोडून बघतात. हरभऱ्यासारख्या दोन डाळी निघत नाहीत, की लगेच निष्कर्ष: ही एकदल, म्हणजे कांद्याचीच! द्विदल म्हणजे ‘डाळ पडणारं’ ही समजूत मुळातच चुकीची आहे. द्विदल म्हणजे बीतल्या गर्भाला, त्या इवल्या रोपाला, दोन दलं असणारं. हरभऱ्यात अन्न त्या दोन दलांतच साठतं, म्हणून ती जाड होतात. कलौंजीत अन्न असतं भ्रूणपोषात, त्या पांढऱ्या तेलकट गरात. गर्भ इवलासा, एका टोकाला दडलेला, आणि त्याची दोन दलं भिंगाशिवाय दिसायची नाहीत. एरंडाच्या बीतही अन्न भ्रूणपोषातच असतं, दलं कागदासारखी पातळ. तरी एरंडाला कुणी एकदल म्हणत नाही. भ्रूणपोष कांद्याच्या बीतही आहेच, म्हणून नुसता गर बघून काही ठरत नाही. गर्भ बघा: कांद्याचा बारीक दोऱ्यासारखा, वाकलेला, एकाच दलाचा.

भिंग नसेल तर दोन्ही ओल्या टिपकागदावर रुजवा. कांद्याचा कोंब गुडघ्यात मुडपलेल्या पायासारखा वर येतो, मग सरळ होताना टोकावर बीचं काळं टरफल घेऊन उभा राहतो. कलौंजी दोन पानं उघडते.

नात्यागोत्याचं म्हणाल, तर कलौंजी आपल्या सह्याद्रीतल्या मोरवेलीच्या कुळातली. कांदा शतावरी गणातला. त्याच्या बीचा काळेपणा येतो फायटोमेलॅन या द्रव्यामुळे, आणि तेच द्रव्य बांधावरच्या घायपाताच्या बीलाही काळं करतं.