मोबाइल शिक्षण आणि लोकसहभाग (कोकण किनारा)

हातातल्या फोनच्या आधाराने शिकणे, शिकवणे आणि गावकीच्या कामात भाग घेणे या व्यवहाराला ढोबळपणे मोबाइल शिक्षण म्हणतात. पाठ्यपुस्तकातला धडा ऐकणे त्यात येते; आंब्याच्या मोहोरावरच्या किडीचा फोटो पाठवून फवारणी विचारणे किंवा ग्रामसभेचा विषय मुंबईतल्या भावकीला कळवणे हेही येते. पालघरपासून सिंधुदुर्गापर्यंतचा अनुभव असा, की फोन कितीही भारी असला तरी पलीकडे जाणकार उत्तर देणारा माणूस असला तरच तो शिकण्याचे साधन होतो.

भारतात पहिला मोबाइल कॉल ३१ जुलै १९९५ रोजी कोलकाता आणि दिल्ली यांच्यात झाला. खेड्यांत फोन पुष्कळ आधी पोचला होता, पण २०१६ नंतर डेटा स्वस्त झाला आणि व्हिडिओ पाहणे सामान्य घराला परवडू लागले. २०१७ मध्ये केंद्र सरकारचे ‘दीक्षा’ हे ऑनलाइन शिक्षणाचे व्यासपीठ आले, आणि बालभारतीच्या पुस्तकांतले क्यूआर कोड त्याला जोडले गेले. कोड स्कॅन केला की त्या धड्याचा व्हिडिओ किंवा सराव उघडतो. या वाटेवर महाराष्ट्रातल्या शिक्षकांनी स्वतःही बरेच काम केले. सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीचे जिल्हा परिषद शिक्षक रणजितसिंह डिसले यांना क्यूआर कोडच्या पुस्तकांसह केलेल्या कामासाठी २०२० चा ‘ग्लोबल टीचर प्राइझ’ मिळाला.

कोकणात मात्र आधी प्रश्न येतो रेंजचा. गाव एका जागी नसते. वाड्या डोंगरउतारावर, खाडीकाठी, दोन टेकड्यांच्या बेचक्यात विखुरलेल्या असतात. टॉवरची लहर उतारामागे पोचत नाही. म्हणून खालच्या वाडीतली मुले सड्यावर, म्हणजे वरच्या कातळाच्या पठारावर, जाऊन बसतात. पावसाळ्यात झाड तारांवर पडून लाइट गेली की टॉवरची बॅटरी काही तासांत संपते आणि सड्यावरही काही मिळत नाही.

२०२० साली हे सगळे एकदम अंगावर आले. मार्चमध्ये शाळा बंद झाल्या, वर्ग फोनवर सुरू झाले आणि ३ जूनला निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर धडकले. श्रीवर्धन, मुरूड, मंडणगड, दापोली या भागांत विजेचे खांब आडवे झाले आणि कित्येक गावे आठवडेच्या आठवडे अंधारात राहिली. सिंधुदुर्गात एका विद्यार्थिनीने रेंजसाठी डोंगरावर झोपडी बांधून अभ्यास केल्याची बातमी त्या पावसाळ्यात सर्वत्र गाजली. तिची जिद्द मोठीच. पण मुलीला शिकण्यासाठी भर पावसात डोंगर चढावा लागतो, ही गोष्ट कौतुकावर सोडून देण्याची नाही. शिक्षणाच्या स्थितीचा आढावा घेणाऱ्या ‘असर’ पाहणीनुसार ग्रामीण भारतात घरी स्मार्टफोन असलेल्या शाळकरी मुलांचे प्रमाण २०१८ मधल्या ३६.५ टक्क्यांवरून २०२१ मध्ये ६७.६ टक्क्यांवर गेले. तरी अशा घरांतल्या सुमारे पाव हिस्सा मुलांना तो फोन वापरायला मिळतच नव्हता. कारण साधे आहे: घरात फोन एक, आणि तो बापाबरोबर रिक्षावर किंवा बोटीवर जातो. ज्या शिक्षकांनी हे ओळखले त्यांनी अभ्यास संध्याकाळी पाठवला किंवा सरळ वाडीवर जाऊन शिकवले.

फोन खऱ्या अर्थाने रुळला तो आंब्याच्या बागेत. थंडी पडली, मोहोर आला की तुडतुडे, फुलकिडे या किडी आणि भुरी हा बुरशीचा रोग यांची धास्ती सुरू होते. तुडतुडे रस शोषून चिकट स्राव टाकतात, त्यावर काळी बुरशी चढते आणि फळाचा दर पडतो. बागायतदार मोहोराचा फोटो फोनवरच्या बागायतदारांच्या ग्रुपवर टाकतो. दुरून काढलेल्या फोटोत नुसती पिवळट झुपकी दिसतात. अनुभवी माणूस मोहोराच्या दांड्यामागे तळहात धरतो, उन्हाकडे पाठ करून जवळून फोटो घेतो आणि सोबत लिहितो: शेवटची फवारणी कधी, कोणत्या औषधाची, मोहोर फुलला आहे की अजून बोंगा (न फुललेला कोंब) आहे. एवढे कळले तरच कृषी सहायकाला किंवा दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठातल्या तज्ज्ञाला नेमके सांगता येते. असा ग्रुप दोन हंगाम नीट चालला की नवखा बागायतदारही कीड ओळखू लागतो. औषध दुकानदाराच्या भरवशावर होणारी फवारणी त्यामुळे कमी होते, आणि हाच त्यातला सर्वांत मोठा फायदा आहे. हवामानासाठी ‘मेघदूत’ आणि वीज पडण्याच्या इशाऱ्यासाठी ‘दामिनी’ ही सरकारी ॲपही उपयोगी आहेत.

मासेमारीत फोनचे काम बंदरावरच उरकावे लागते, कारण किनाऱ्यापासून थोडे आत गेले की रेंज जाते. हैदराबादची ‘इन्कॉइस’ संस्था उपग्रहाने मोजलेले समुद्रपृष्ठाचे तापमान आणि हरितद्रव्य यांवरून मासळी सापडण्याच्या संभाव्य जागा कळवते. तांडेल (बोटीचा प्रमुख) ती माहिती आपल्या अनुभवाशी ताडून पाहतो आणि मगच बोट काढतो.

गाव आणि मुंबई यांच्यातले अंतर फोनने बरेच मिटवले. पूर्वी चाकरमानी गणपतीला आणि शिमग्याला आला की वर्षाचे विषय निघत. आता देवळाचा जीर्णोद्धार, पाखाडीची (दगडी पायवाटेची) दुरुस्ती, पालखी कोणत्या दिवशी कोणत्या वाडीत, हे वाडीच्या ग्रुपवर आधीच ठरते. दशावतारी नाटकाचे थेट प्रक्षेपण मुंबईतल्या खोलीत पाहिले जाते. मात्र ग्रुपवरची संमती म्हणजे ग्रामसभेचा ठराव नव्हे. जी म्हातारी माणसे फोन वापरत नाहीत, त्यांचे मत अशाने सुटते. २२ जुलै २०२१ रोजी वाशिष्ठी नदीचे पाणी चिपळुणात शिरले तेव्हा वीज गेली, फोनही बंद पडले आणि लोकांना आपल्या माणसांचा ठावठिकाणा लागेना. त्यामुळे गावच्या आपत्ती आराखड्यात भोंगा, दवंडी आणि घरोघर जाणारी माणसे हवीतच.

फोनच्या एका उपयोगाकडे अजून पुरेसे लक्ष गेलेले नाही: जुन्या माणसांकडून नमन, जाखडीची गाणी, जात्यावरच्या ओव्या, सड्यावरच्या जागांची नावे रेकॉर्ड करून ठेवणे. सड्यांच्या कातळावर कोरलेल्या प्राचीन चित्रांची, म्हणजे कातळशिल्पांची, महाराष्ट्रातली आठ आणि गोव्यातले एक ठिकाण २०२२ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत आले. अशा सड्यांभोवतीच्या गावांत तर शाळांनी हे काम हाती घ्यावेच. रेकॉर्डिंगला सांगणाऱ्याचे नाव, वाडी आणि वर्ष द्यावे, त्यांची परवानगी घ्यावी आणि एक प्रत शाळेच्या संगणकावर ठेवावी, कारण फोन दोन-तीन वर्षांत बदलतो.