मटार, फुलपात्र आणि साडेतीन वर्षांचा हात

जानेवारीत मटार स्वस्त झाले की आमच्याकडे एकदम तीन किलो येतात आणि सोलायला मी एकटीच बसते. यंदा शेजारी भाची येऊन टेकली. वय साडेतीन. पहिली शेंग तिने दातांनी उघडून पाहिली, दुसरी मधोमध पिरगळली. तिसरीच्या वेळी मी काही न बोलता शेंगेच्या टोकाशी अंगठा दाबून दाखवला. ‘टप्’ असा आवाज झाला आणि तिचे डोळे मोठे झाले. पुढचा अर्धा तास ती जागची हलली नाही. एरवी हीच मुलगी जेवायला पाच मिनिटं एका जागी बसत नाही.

त्या ‘टप्’मागे हाताची चांगलीच कसरत असते. डाव्या हाताने शेंग नुसती धरायची, उजव्या अंगठ्याने शिवणीवर नेमका दाब द्यायचा, मग तोच अंगठा आतून फिरवून दाणे वाटीत पाडायचे. दोन हात, दोन वेगळी कामं, तीही एकाच वेळी. यासाठी मेंदूच्या दोन्ही अर्धगोलांना एकमेकांशी सतत बोलावं लागतं, आणि त्यांना जोडणारा मज्जातंतूंचा जाड पूल या वयात अजून पक्का होत असतो.

हाताचंही बांधकाम चालूच असतं. मोठ्या माणसाच्या मनगटात 8 छोटी हाडं असतात. नवजात बाळाच्या मनगटाचा एक्स-रे काढला तर साधारणपणे त्यातलं एकही दिसत नाही, कारण तिथे सगळी कूर्चा असते. हाडं एकेक करून तयार होतात. तिसऱ्या-चौथ्या वर्षी तीन-चारच दिसतात. म्हणून तर मुलाच्या वाढीचा अंदाज घ्यायला डॉक्टर हाताचा एक्स-रे काढतात. हाडं झाली नाहीत म्हणून लिहिता येत नाही, इतकं सरळ हे गणित नाही. पण पेन्सिल धरायला जी चिमट लागते, तिची तालीम पाटीवर ‘अ’ गिरवण्याआधी मटार, लसूण आणि कपड्यांच्या चिमट्यांवर आरामात होते.

आता पाणी ओतणं. हे काम मला सगळ्यांत आवडतं, कारण वरून ते अगदीच क्षुल्लक दिसतं. रिकामा सिलिंडर भरलेला समजून उचलला की हात कसा भसकन वर जातो, आठवून पाहा. म्हणजे वस्तू उचलण्याआधीच मेंदूने वजनाचा अंदाज बांधून स्नायूंना हुकूम सोडलेला असतो. लहान मुलांचा हा अंदाज कच्चा असतो. ती वस्तू गरजेपेक्षा जास्त घट्ट धरतात. त्यात ओतताना तांब्या क्षणाक्षणाला हलका होतो, म्हणजे अंदाज सारखा बदलायचा. जे व्हायला हवं होतं आणि जे झालं, यातला फरक पकडून पुढची हालचाल सुधारण्यात लहान मेंदूचा, म्हणजे डोक्याच्या मागच्या भागातल्या अनुमस्तिष्काचा, मोठा वाटा असतो. सांडलेलं पाणी हीच त्याची माहिती. आपण ‘अगं सांडेल!’ म्हणून तांब्या हिसकावला, की ती माहितीच मिळत नाही.

म्हणून प्लॅस्टिकचा खेळण्यातला जग नको, स्टीलचं फुलपात्र द्या. त्याला खरं वजन असतं, पडलं तर खणकन वाजतं. अर्धंच भरा, खाली ताट ठेवा आणि फरशी पुसायचं फडकं मुलाच्या हाताशी असू द्या. पुसणं हाही कामाचाच भाग. माझ्या भाचीला तर ओतण्यापेक्षा तोच जास्त आवडतो, त्यामुळे ती थोडं मुद्दाम सांडते अशी मला दाट शंका आहे.

6 जानेवारी 1907 रोजी रोममधल्या सॅन लोरेन्झो या कामगारवस्तीत डॉ. मारिया माँटेसरी यांनी ‘बालगृह’, म्हणजे लहान मुलांची शाळा, सुरू केलं, तेव्हापासून हात धुणं, बटणं लावणं, टेबल पुसणं ही कामं त्यांच्या पद्धतीचा भाग आहेत. आपल्याकडे बालशिक्षणतज्ज्ञ ताराबाई मोडक 1945मध्ये डहाणूजवळच्या बोर्डीला गेल्या आणि पुढे अनुताई वाघांसोबत कोसबाडच्या आदिवासी पाड्यांवर बालशिक्षण घेऊन पोचल्या. तिथे महागडी साधनं कुठून आणणार? शंख-शिंपले, बिया, खडे, पानं हीच साधनं झाली. आज त्याच विचाराच्या नावाने लाकडी चिमटे आणि इवल्या झाडण्यांचे संच भरमसाट किमतीला ऑनलाइन मिळतात, तेव्हा मला हसावं की रडावं कळत नाही. पोळपाटाशेजारी कणकेचा गोळा दिला तर काय बिघडतं?

मुलांना मदत करायची हौस मुळातच असते. फेलिक्स वारनेकेन आणि मायकेल टोमासेलो या संशोधकांनी 2006मध्ये दाखवलं, की कपडे वाळत घालणाऱ्या माणसाच्या हातून चिमटा पडला आणि त्याचा हात पोचेना, तर जेमतेम दीड वर्षांची मुलंही न सांगता तो उचलून देतात. दोन वर्षांनी त्यांनी आणखी एक गोष्ट पाहिली: मदतीबद्दल ज्या मुलांना वस्तू बक्षीस मिळाली, त्यांची मदत पुढे उलट कमी झाली. तेव्हा मटार सोलल्याबद्दल चॉकलेट नको. सोललेल्या मटारांची उसळ त्याच संध्याकाळी ताटात आली, की पुरे.

दोन गोष्टींना मात्र सूट नाही. शेंगदाणे आणि कडक, गोल दाणे चार वर्षांच्या आतल्या मुलांच्या घशात अडकू शकतात, आणि मटार तर नाकातही जातो, हे आमच्या घरात एकदा सिद्ध झालेलं आहे. त्यामुळे शेजारी बसायचं, फोन बाजूला ठेवून. आणि वेळ वाचेल ही आशा सोडायची. तीन किलोला दुप्पट वेळ लागतो. सकाळी डबा करायच्या घाईत हे जमत नाही, मीही करत नाही. रविवार बरा.

त्या रविवारी मटार संपल्यावर तिने फुलपात्रातलं पाणी उंच, अरुंद पेल्यात ओतलं. एक थेंब सांडला नाही. पाण्याची वर चढलेली पातळी पाहून म्हणाली, ‘मावशी, बघ, जास्त झालं!’ पाणी तेवढंच आहे हे साधारण सातव्या वर्षापर्यंत मुलांना पटत नाही, असं स्वित्झर्लंडच्या जाँ पियाजे यांनी अशाच पेल्यांनी दाखवलं होतं. मी समजावलं नाही. तिने पाणी परत फुलपात्रात ओतलं. ‘आता कमी झालं.’ पुन्हा पेल्यात. ‘जास्त.’ चौथ्या खेपेला ती जरा थांबली, पेला डोळ्यांसमोर धरून बराच वेळ पाहत राहिली, आणि मग पाणी पिऊन टाकलं.