कॅलिफोर्नियात जुनी मस्टँग ‘प्रोजेक्ट’ म्हणून घेताना: नंबर, टायटल आणि डीएमव्हीचे अर्ज

दुरुस्त करून पुन्हा चालवायची म्हणून बंद पडलेली फोर्ड मस्टँग किंवा शेव्हरोले कॅमॅरो बघायला गेलं की लोक आधी गंज शोधतात. गंज कापून नवा पत्रा जोडता येतो. टायटल (मालकीचा सरकारी कागद) नसेल तर मात्र डीएमव्हीच्या, म्हणजे राज्याच्या वाहन नोंदणी कार्यालयाच्या, खेपा काही सुटत नाहीत. गाडी नावावर करायला नागरिकत्वाची अट नाही, व्हिसावर असलात तरी चालतं.

१९८१ पूर्वीच्या गाड्यांना १७ अक्षरी व्हिन (गाडीचा ओळख क्रमांक) नसतो. १९६७ च्या मस्टँगचा नंबर ११ अक्षरांचा. तो ‘७आर०१सी’ असा सुरू होत असेल तर ७ म्हणजे १९६७, आर म्हणजे सॅन होजे कारखाना (तो मिलपिटासमध्ये होता, आज तिथे ग्रेट मॉल आहे), ०१ म्हणजे हार्डटॉप आणि सी म्हणजे २८९ घनइंची व्ही-८. सीच्या जागी टी असेल तर गाडी मुळात सहा सिलिंडरची; आत आज व्ही-८ बसवलेलं दिसलं तरी भाव सहा सिलिंडरचाच द्या.

हा नंबर बॉनेटखाली ड्रायव्हरच्या बाजूच्या एप्रनवर (चाकावरच्या आतल्या पत्र्यावर) ठोकलेला असतो आणि फेंडरच्या (चाकावरच्या बाहेरच्या पत्र्याच्या) कडेला ठेवलेल्या खाचेतून दिसतो. दारावरच्या पाटीवर विसंबू नका: दार दुसऱ्या गाडीचं असू शकतं आणि पाट्या नव्याही मिळतात. अपघातानंतर एप्रन बदललेला असेल तर नंबरही गेला. मग नंबर तपासायला प्रकरण हायवे पेट्रोलकडे (राज्याच्या महामार्ग पोलिसांकडे) जाऊ शकतं. १९६९ च्या कॅमॅरोत नंबर काचेतून डॅशबोर्डवर दिसतो, पण गाडी एसएस (‘सुपर स्पोर्ट’ हे जास्त ताकदीचं मॉडेल) आहे की नाही हे त्यावरून कळत नाही.

टायटलवर दोन मालकांच्या नावांमध्ये ‘अँड’ किंवा तिरकी रेघ असेल तर दोघांच्याही सह्या हव्यात. ‘ऑर’ असेल तर एकाची पुरते. खाडाखोड झाली तर रेग २५६ वर (‘रेग’ आणि आकडा हे डीएमव्हीच्या अर्जांचे क्रमांक) खुलासा द्यावा लागतो, व्हाइटनर तर लावूच नका. टायटल हरवलं असेल तर विकणाऱ्याच्या सहीसह रेग २२७ हा बदली टायटलचा अर्ज. नोंदीत कर्ज दिसत असेल तर कर्ज देणाऱ्याची नोटरीसमोर केलेली सहीही लागते. गाडी दुसऱ्या राज्यातली असेल तर तिथलं टायटल, रेग ३४३ (नोंदणीचा अर्ज) आणि प्रत्यक्ष नंबर तपासून भरलेला रेग ३१. न्यूयॉर्कमध्ये १९७२ पर्यंतच्या गाड्यांना टायटलच नसतं, तिथलं रजिस्ट्रेशन हाच मालकीचा पुरावा. कागदच नसलेली आणि ५,००० डॉलर किंवा त्याहून जास्त किमतीची गाडी असेल तर हमीचा बाँड मागितला जाऊ शकतो. पहिल्याच गाडीसाठी या भानगडीत पडू नये.

विकणाऱ्याने ५ दिवसांत रेग १३८ (गाडी विकल्याची सूचना) भरायचा, तुम्ही १० दिवसांत नावावर करून घ्यायची. ट्रान्सफर फी १५ डॉलर, शिवाय खरेदी किमतीवर किमान ७.२५ टक्के यूज टॅक्स (विक्रीकरासारखा कर). नेमका दर तुमच्या पत्त्यावर ठरतो. नोंदणीची जुनी थकबाकी नव्या मालकाच्या गळ्यात येऊ शकते. तिचा आकडा आधी काढा आणि किमतीतून वळता करा.

काम वर्षभरात संपणार नसेल तर पीएनओ (गाडी वापरणार नाही अशी डीएमव्हीकडे नोंद) भरा. मग विमा लागत नाही, पण गाडी सार्वजनिक रस्त्यावर नुसती उभीही करता येत नाही, अगदी घरासमोरही. १९७५ पर्यंतच्या पेट्रोल गाड्यांना स्मॉग चाचणी (धुराची तपासणी) माफ आहे. हिस्टॉरिकल पाट्यांचा (जुन्या गाड्यांच्या खास नंबर प्लेटचा) मोह मात्र आवरा: त्या प्रदर्शनं वगैरेंपुरत्या असतात, रोज ऑफिसला जायला चालत नाहीत.