अंडी घालण्याची पेटी (परसातील खुराड्याची)

परसातील खुराड्यात कोंबड्यांना अंडी घालण्यासाठी करून दिलेली अंधारी, आडोशाची व मऊ अंथरलेली जागा. अंडी एका ठिकाणी मिळावीत, विष्ठेने माखू नयेत व पायांखाली फुटू नयेत, हा तिचा हेतू. महाराष्ट्रात खेड्यापाड्यांतून या कामासाठी टोपली, जुने घमेले, काठ फुटलेले मडके किंवा भिंतीतला कोनाडा वापरतात. लाकडी वा पत्र्याच्या खणांची पेटी त्यामानाने अलीकडची आहे. पिंजरापद्धतीच्या व्यापारी कुक्कुटपालनात सहसा अशी पेटी नसते. तेथे अंडी तारेच्या उतरत्या तळावरून घरंगळत बाहेर येतात.

उगम : पाळीव कोंबडीचा मुख्य पूर्वज तांबडा रानकोंबडा होय, हे डार्विन यांचे 1868 मधील मत आजही मान्य आहे. मात्र 2008 मध्ये पिवळ्या कातडीस कारणीभूत असलेली जनुक-आवृत्ती करड्या रानकोंबड्याकडून आल्याचे दाखविण्यात आले. हा करडा रानकोंबडा सह्याद्रीच्या जंगलांत आढळतो. माणसाळण्याचा काळ वादग्रस्त आहे. उत्तर चीनमधील सु. 10,000 वर्षांपूर्वीच्या हाडांवरून केलेला दावा आता मागे पडत असून त्यांतील बरीच हाडे तित्तिराच्या कुळातील इतर पक्ष्यांची असावीत, असे मानतात. 2022 मधील फेरतपासणीत थायलंडमधील बान नॉन वाट येथील अवशेष (इ. स. पू. सु. 1650–1250) सर्वांत जुने विश्वसनीय ठरले. जनुकीय गणितावरून काढलेला काळ याहून बराच मागे जातो. परंतु दोन वंशांची फारकत म्हणजे माणसाळणे नव्हे, हे लक्षात घेता हाडांचा पुरावा अधिक ग्राह्य वाटतो. प्रस्तुत विषयाशी या वादाचा संबंध मर्यादित आहे : रानातली मादी बांबूच्या बेटात किंवा झुडपाखाली जमीन उकरून, पालापाचोळ्याच्या आडोशाने अंडी घालते आणि पाळीव कोंबडीचीही हीच ओढ टिकून आहे.

खुराड्यातील बांधीव घरट्यांचे तपशीलवार वर्णन इ. स. पहिल्या शतकातील रोमन कृषिलेखक कोलुमेला यांनी केले आहे. भिंती जाड बांधाव्यात, म्हणजे त्यांत ओळीने कोनाडे कोरता येतील. भिंतीत खुंट्या ठोकून त्यांवर वेताच्या टोपल्या ठेवण्यापेक्षा हे आरोग्याला बरे व दिसायलाही नेटके, असे ते सांगतात. अंथरलेला पेंढा वारंवार बदलावा, नाहीतर पिसवा होतात, ही त्यांची सूचना आजही तशीच लागू पडते. मेघगर्जनेने अंडी बिघडू नयेत म्हणून अंथरणाखाली लसूण व लोखंडी खिळे ठेवण्याची चालही त्यांनी नोंदविली आहे. महाराष्ट्राच्या काही भागांत कोंबडी उबवणीला बसविताना टोपलीत लोखंडाचा तुकडा किंवा कोळसा ठेवतात. साम्य लक्षणीय असले, तरी दोन्ही चालींचा परस्परसंबंध दाखविता येत नाही.

सापळापेटी : कोंबडी आत शिरताच दार आपोआप पडणारी पेटी. कोंबडीला हाताने बाहेर काढायचे, पायातल्या कडीवरचा क्रमांक वाचायचा आणि तोच पेन्सिलीने अंड्यावर लिहायचा, अशी ही पद्धत. तिचे जनकत्व अनेकांकडे दिले जाते. तिचा सर्वांत पद्धतशीर व नीट नोंदविलेला जुना वापर अमेरिकेतील मेन राज्याच्या कृषी प्रयोग केंद्रावरचा आहे. तेथे जी. एम. गॉवेल यांनी 1898 पासून जास्त अंडी देणाऱ्या कोंबड्या निवडण्यास सुरुवात केली. 1907 मध्ये तेथे आलेल्या रेमंड पर्ल यांनी या नोंदी तपासल्या, तेव्हा इतक्या वर्षांच्या निवडीनंतरही कळपाची सरासरी वाढलेली नाही, असे आढळले. कोंबडीची स्वतःची अंडी मोजण्यापेक्षा तिच्या संततीची कामगिरी पाहावी, हा निष्कर्ष पुढील पैदासशास्त्राला वळण देणारा ठरला.

पेट्यांची संख्या : हस्तपुस्तिकांतील आकडे एकमेकांशी जुळत नाहीत, याचे एक कारण सापळापेटीत आहे. तीत कोंबडी सोडवीपर्यंत अडकून राहते, म्हणून तीन-चार कोंबड्यांमागे एक पेटी लागते. साध्या पेटीला हे प्रमाण लावणे उधळपट्टी होय. याउलट यूरोपीय संघाच्या 1999 च्या निर्देशात पिंजऱ्याबाहेरील कोंबड्यांसाठी सातांमागे किमान एक, अथवा सामाईक घरटे असल्यास 120 कोंबड्यांमागे किमान 1 चौ. मी. जागा सांगितली आहे. ही मोठ्या कळपाची किमान मर्यादा आहे. परसातील कळपाला चार-पाच कोंबड्यांमागे एक हे प्रमाण सोयीचे. मात्र कोंबड्या चारच असल्या, तरी पेट्या दोन असाव्यात. दोन अंड्यांमध्ये 24 ते 26 तासांचे अंतर असते व बहुतेक अंडी सकाळीच घातली जातात, त्यामुळे गर्दी एकाच वेळी होते. शिवाय चार पेट्या रिकाम्या असताना सगळ्याजणी एकाच पेटीपुढे ताटकळतात, हे कोंबड्या पाळणाऱ्या कोणालाही ठाऊक असते. पेट्या वाढवून हा प्रश्न सुटत नाही.

जागा व रचना : अंडी घालण्यापूर्वीचे वर्तन बाहेरच्या जागेपेक्षा कोंबडीच्या शरीरातून सुरू होते. वुड-गश व गिल्बर्ट या संशोधकांनी 1964 मध्ये दाखविले, की आदल्या दिवशी अंडाशयातून बीज सुटल्यावर मागे राहिलेले पुटक (बीजाभोवतीची पिशवी) काढून टाकले, तर अंडे येते. पण घरटे शोधण्याची धडपड होत नाही. एरवी अंडे येण्याच्या एक-दोन तास आधी कोंबडी अस्वस्थ होते, लांबट कण्हता सूर काढते, पेट्यांत डोकावते, आत शिरून पुन्हा बाहेर येते. शेवटी बसल्यावर छातीने दाबत गोल फिरते, पायांनी खड्डा करते आणि चोचीने काड्या उचलून पाठीवर टाकते. एवढे फिरता येईल इतकी जागा हवी : साधारण 30 सें.मी. लांब, रुंद व उंच. वनराजा, गिरिराज यांसारख्या अंगाने मोठ्या कोंबड्यांना 35 सें.मी. अधिक प्रशस्त पेटीत दोघी एकदम शिरतात व अंडी फुटतात.

पेटी खुराड्याच्या सर्वांत अंधाऱ्या कोपऱ्यात, जमिनीपासून 45 ते 60 सें.मी. उंचीवर व बसण्याच्या दांड्यापेक्षा खाली असावी. दांडा खाली राहिला, तर कोंबड्या रात्री पेटीतच झोपून ती घाण करतात. छप्पर तिरके ठेवले, की वर बसता येत नाही. पुढे 10 ते 15 सें.मी. उंचीची पट्टी ठोकल्याने पेंढा बाहेर सांडत नाही. दारावर गोणपाटाचा तुकडा सोडल्यास आतला अंधार वाढतो, व अंडी फोडून खाण्याची खोड असलेली कोंबडी काहीशी आवरते. मागून उघडणारे झाकण असल्यास अंडी काढण्यासाठी खुराड्यात शिरावे लागत नाही.

अंथरायला भाताचा पेंढा, वाळके गवत किंवा लाकडाचा भुसा चालतो. तलंगा (तरुण कोंबड्या) अंड्यावर येण्यापूर्वी, म्हणजे सुधारित जातींत साधारण 16 ते 18 आठवड्यांच्या वयापर्यंत, पेट्या जागेवर असाव्यात. एकदा जमिनीवर अंडी घालण्याची सवय लागली, की ती मोडणे अवघड जाते. पेटीत एखादे खोटे किंवा जुने अंडे ठेवण्याची युक्ती सर्वत्र आढळते.

खुडूक (अंडी उबवायला बसू पाहणारी) कोंबडी पेटी अडवून बसते. गावठी कोंबड्यांत हे नित्याचे, लेगहॉर्न या जातीत क्वचितच. पिल्ले हवी असतील, तर तिला 10-12 अंड्यांवर वेगळ्या टोपलीत 21 दिवस बसवावे. नको असतील, तर तळाला जाळी असलेल्या उघड्या पिंजऱ्यात काही दिवस ठेवावे. पाण्यात बुचकळणे, नाकात पीस खुपसणे हे प्रचलित उपाय क्रूर असून अनावश्यक आहेत.

लाकडी पेटीच्या फटींत तांबडा माइट (गोचिडासारखा बारीक जीव) दिवसा दडून राहतो व रात्री कोंबडीचे रक्त पितो. खाद्याविना तो अनेक महिने जगतो, त्यामुळे पेटी नुसती रिकामी ठेवून उपयोग नसतो. ती बाहेर काढून सांधे कढत पाण्याने धुवावेत, उन्हात वाळवावेत व चुना लावावा. पत्र्याच्या पेटीत फटी कमी असल्या, तरी उन्हाळ्यात ती तापते व कोंबड्या तिच्याकडे पाठ फिरवितात. तिच्यावर सावली करावी लागते.