मुक्याचं व्रत का मोडलं? बौद्ध परंपरेतल्या मतभेदाची पार्श्वभूमी

विनयपिटकात, म्हणजे भिक्षूंच्या नियमांच्या ग्रंथात, कोसल देशातली एक गोष्ट येते. एकमेकांच्या ओळखीतले काही भिक्षू वर्षावासासाठी, म्हणजे पावसाळ्यातल्या मुक्कामासाठी, एका ठिकाणी राहिले. तीन महिने सोबत काढायचे आणि भांडण तर व्हायला नको. त्यांनी सोपा उपाय शोधला: कुणी कुणाशी बोलायचंच नाही. भिक्षेहून आधी परतेल त्याने आसनं मांडायची, पाय धुवायला पाणी ठेवायचं. मागून येईल त्याने उरलंसुरलं खाऊन जागा झाडायची. पाण्याचं मडकं एकट्याला उचलेना तर दुसऱ्याला हाताने खुणावून बोलवायचं. शब्द मात्र काढायचा नाही. तीन महिने सुरळीत गेले. मग ते श्रावस्तीला बुद्धांच्या भेटीला गेले आणि आम्ही सुखाने, एकोप्याने राहिलो असं त्यांनी सांगितलं.

शाबासकी मिळाली नाही. ही माणसं दुःखात राहिली आणि सुखात राहिलो म्हणतात, असं बुद्ध म्हणाले. हे तर जनावरांसारखं, मेंढरांसारखं एकत्र राहणं झालं. त्यांनी असं मुक्याचं व्रत घ्यायला बंदी केली आणि त्याच प्रसंगी पवारणेचा विधी घालून दिला. वर्षावास संपताना प्रत्येक भिक्षूने संघापुढे हात जोडून सांगायचं, माझं काही चुकलेलं तुम्ही पाहिलं असेल, ऐकलं असेल किंवा तुम्हाला तशी शंका असेल, तर दया करून मला सांगा. ‘दिट्ठेन वा सुतेन वा परिसङ्काय वा’ असे मूळ शब्द आहेत. शंकाही बोलून दाखवायची, हे विशेष.

आदराने असहमत होण्याविषयी बौद्ध परंपरा काय म्हणते, याची सुरुवात सहसा मैत्री आणि करुणेच्या व्याख्येपासून होते. मला ती या मुक्या भिक्षूंपासून करावीशी वाटते. गप्प बसणं म्हणजे आदर, हा समज या परंपरेने अगदी आरंभीच मोडीत काढला. त्यानंतरचा सगळा इतिहास एकाच प्रश्नाभोवती फिरतो: बोलायचं तर आहे, मग कसं?

या प्रश्नाची सगळ्यात कडू परीक्षा यमुनाकाठच्या कौशांबीत झाली. एका भिक्षूवर दोषाचा ठपका आला. तो म्हणाला, हा दोषच नाही. दुसऱ्या बाजूने त्याला संघकार्यातून वगळलं. मूळ विनयात एवढंच आहे. पुढच्या अट्ठकथेत, म्हणजे पाली भाष्यात, तपशील येतो, की शौचालयातल्या भांड्यात उरलेलं पाणी तसंच ठेवलं, यावरून ही ठिणगी पडली. एक विनयधर (नियमांचा जाणकार), एक धर्मकथिक (प्रवचनकार), दोघांचे शिष्य, मग त्यांचे उपासक, अशी फूट पसरत गेली.

बुद्धांनी आधी काय केलं ते पाहण्यासारखं आहे. ते दोन्ही गटांकडे वेगवेगळे गेले आणि दोघांना वेगवेगळं सांगितलं. वगळणाऱ्यांना म्हणाले, ‘आम्हाला असं वाटतं’ एवढ्यावर कुणाला वगळू नका. त्याने संघ फुटेल याचा विचार करा. मग वगळलेल्याच्या बाजूला म्हणाले, तुम्हाला दोष दिसत नसेल, तरी समोरचे जाणते आहेत, ते आकसाने वागणार नाहीत, एवढ्या विश्वासावरही दोष कबूल करता येतो. आपल्या बाजूने जे सोडणं जड जाईल, नेमकं तेच प्रत्येकाकडून मागितलं.

तरी भांडण मिटलं नाही. बुद्धांनी दीघावू कुमाराची कथा सांगितली. आईबापांना मारणारा राजा आपल्या मांडीवर झोपला असताना दीघावूने तीनदा तलवार उपसली आणि तीनदा म्यान केली. मरताना बापाने सांगितलं होतं, ‘फार लांबवर पाहू नकोस, फार जवळही पाहू नकोस.’ लांबवर पाहू नको म्हणजे वैर लांबवू नको. जवळ पाहू नको म्हणजे मित्रांशी चटकन तोडू नको. कथा ऐकूनही एक भिक्षू म्हणाला, भगवंतांनी निवांत राहावं, हे भांडण आमचं आम्ही बघून घेऊ. बुद्ध उठले आणि एकटेच वनात निघून गेले.

तिढा सुटला तो कौशांबीच्या सामान्य माणसांमुळे. या भिक्षूंपायी भगवंत निघून गेले म्हणून त्यांनी त्यांना वंदन करायचं सोडलं, भिक्षा घालायची सोडली. पोटाला चिमटा बसल्यावर मंडळी श्रावस्तीला निघाली. तिथे अनाथपिंडिक या उपासकाने विचारलं, या दोन गटांशी मी कसं वागू? बुद्धांचं उत्तर होतं, दोघांनाही दान दे, दोघांकडूनही धर्म ऐक, आणि ऐकून झाल्यावर जे धर्माला धरून बोलतात त्यांचं मत स्वीकार. दोन्ही बाजू सारख्याच, असं ते म्हणाले नाहीत. ऐकून घेणं दोघांचंही, पटवून घेणं एकाचंच. अखेर ज्याला वगळलं होतं त्या भिक्षूनेच धर्म-विनय पुन्हा तपासून पाहिला आणि दोष झाल्याचं मान्य केलं.

अशा प्रसंगांतून नियम तयार झाले. पातिमोक्खाच्या, म्हणजे भिक्षूंच्या नियमसंहितेच्या, 227 नियमांतले शेवटचे 7 तंटे मिटवण्याचे आहेत. त्यातला पहिला ‘सम्मुखाविनय’: ज्याच्याविषयी बोलायचं तो समोर हवा. पाठीमागे दिलेला निकाल हा निकालच नव्हे. बहुमताची तरतूद आहे, शलाका, म्हणजे काड्या, वाटून मत घेण्याची, आणि त्याच्याही तीन रीती: गुप्त, कानात सांगून, उघड. (शलाका वाटणाऱ्याला, अधर्माची बाजू जिंकतेय असं दिसलं तर मतदान रद्द करण्याची मुभा होती. आजच्या वाचकाला हे खटकेल, आणि खटकावंच.) पण या सातांत मला सर्वांत शहाणा वाटतो तो शेवटचा, ‘तिणवत्थारक’, म्हणजे गवताने झाकणं. भांडण इतकं चिघळलं, की कोण काय बोललं याचा हिशेब काढायला बसलं तर ते आणखी पेटेल. मग सगळ्यांनी एकत्र जमायचं, प्रत्येक बाजूच्या एकाने आपल्या सगळ्यांच्या वतीने कबुली द्यायची आणि प्रकरण झाकून टाकायचं. अट्ठकथेतली उपमा जरा उग्र आहे: घाण ढवळली तर वास सुटतो, म्हणून तिच्यावर गवत टाकतात. सोय असली तरी तिला मर्यादा आहे. गंभीर अपराध आणि गृहस्थांशी संबंधित अपराध या झाकणाखाली जात नाहीत.

नियमांच्या बरोबरीने सुत्तांत, म्हणजे बुद्धांच्या उपदेशांत, बारीक व्यवहारज्ञानही साठत गेलं. किन्तिसुत्तात सांगितलंय, की दोन भिक्षूंचा मतभेद झाला तर आधी पाहा, तो अर्थाविषयी आहे की शब्दांविषयी. आणि समजूत घालायला जायचं ते त्या बाजूच्या अधिक ऐकून घेणाऱ्या माणसाकडे आधी. मतभेद शब्दांचाच असेल तर ती बाब किरकोळ समजा. अरणविभंगसुत्तात याचा नमुनाच दिला आहे. एकाच भांड्याला कुठे पाती म्हणतात, कुठे पत्त, कुठे सराव, कुठे पोण. आपल्याकडचाच शब्द खरा म्हणून हटून बसू नका, समोरचे ज्या शब्दाने ते भांडं ओळखतात तो वापरा. शुद्धलेखनावरून मैत्र्या तुटताना पाहिलेल्या कुणालाही हा उपदेश जुना वाटणार नाही.

पंचकंग नावाच्या सुताराची गोष्ट याच्याही पुढे जाते. वेदना, म्हणजे सुखदुःखाच्या संवेदना, किती यावर त्याचा आणि उदायी भिक्षूचा वाद झाला. उदायी म्हणे तीन: सुख, दुःख आणि दोन्ही नाही अशी. सुतार म्हणे दोनच. तिसरी शांत असते, तीही सुखातच धरली आहे. दोघंही मागे हटेनात. आनंद या शिष्याने हे बुद्धांच्या कानावर घातलं. बुद्ध म्हणाले, दोघंही बरोबर होते. मी संदर्भाप्रमाणे कधी दोन सांगितल्या, कधी तीन, आणि त्याहून जास्तही. दुसऱ्याने नीट मांडलेलं जे मान्य करत नाहीत ते भांडतील. जे मान्य करतात ते दूध-पाण्यासारखे मिसळून राहतील. भिक्षू आणि सुतार, आणि सुताराचंही म्हणणं ग्राह्य. त्या काळाचा विचार करता ही गोष्ट नुसती वेदनांच्या मोजदादीची राहत नाही.

परमताच्या माणसांशी कसं वागावं, याचा दाखला नालंदेच्या उपाली गृहपतीचा. निगंठांचा, म्हणजे जैन मुनींचा, हा प्रतिष्ठित अनुयायी बुद्धांना वादात हरवायला आला आणि तिथेच शरण जायला निघाला. बुद्धांनी त्याला थांबवलं: नीट विचार कर, तुझ्यासारख्या नामवंताने विचार करूनच पाऊल उचलावं. त्याने आग्रह धरला तेव्हा आणखी एक सांगितलं: तुझं घर निगंठांसाठी इतके दिवस पाणपोईसारखं होतं, ते दारी आले तर त्यांना देणं थांबवू नकोस. अर्थात या कथा बौद्धांनी जपल्या आहेत. वादात हरलेल्या बाजूची कहाणी जिंकलेल्याने लिहिली, हे वाचताना ध्यानात ठेवायला हवं.

आणि सगळं काही मऊही नाही. अभयराजकुमाराने बुद्धांना अडचणीत टाकणारा प्रश्न विचारला: तथागत कुणाला न आवडणारं बोलतात का? राजकुमाराच्या मांडीवर त्याचं तान्हं मूल होतं. बुद्धांनी विचारलं, याने तोंडात काडी किंवा खडा घातला तर काय करशील? तो म्हणाला, डोकं धरून, बोट वाकवून काढीन, रक्त आलं तरी. का? कारण मुलाची दया येते. बुद्धांनी कसोटी सांगितली, की बोलणं खरं असावं, हिताचं असावं; मग ते आवडणारं असो वा नसो, बोलायची वेळ मात्र पाहायची. खोटं किंवा निरुपयोगी असेल तर गोड असूनही बोलायचं नाही. धर्माचा विपर्यास करणाऱ्या अरिट्ठ भिक्षूला बुद्धांनी भर सभेत ‘मोघपुरिस’, म्हणजे फुकट गेलेला माणूस, म्हटलं होतं. ‘दयाळूपणा’ शब्दाचा पैस इथे तपासून घ्यावा लागतो.

बुद्धांच्या पश्चात हा वारसा राजसत्तेच्या हातात आला तेव्हा त्याचे दोन चेहरे दिसले. इ.स.पू. तिसऱ्या शतकात अशोकाने बाराव्या शिलालेखात सर्व पंथांना वाणीचा संयम सांगितला: केवळ आपल्या पंथाच्या प्रेमापोटी दुसऱ्याची निंदा करणारा आपल्याच पंथाची हानी करतो. गिरनारच्या प्रतीत ‘समवायो एव साधु’ असे शब्द आहेत; एकत्र येणंच चांगलं, एकमेकांचा धर्म ऐकावा. याच अशोकाचा स्तंभलेख कौशांबीच्या महामात्रांना, म्हणजे अधिकाऱ्यांना, बजावतो, की संघात फूट पाडणाऱ्या भिक्षू-भिक्षुणीला पांढरी वस्त्रं घालून संघाबाहेर राहायला लावा. बाहेरच्यांशी सौम्यपणा, घरातल्या फुटीला दंड. ज्या कौशांबीतून बुद्ध हताश होऊन निघून गेले, तिथल्याच महामात्रांना उद्देशून हा हुकूम कोरलेला आहे.

सत्ता आणि वाद यांचं नातं मिलिंदपञ्ह या पाली ग्रंथात फार चांगलं पकडलं आहे. ग्रीक राजा मिलिंद, म्हणजे इ.स.पू. दुसऱ्या शतकातला मिनँडर, नागसेन या भिक्षूला चर्चेचं आमंत्रण देतो. नागसेन विचारतो, पंडितांसारखी चर्चा करणार की राजांसारखी? पंडितांच्या चर्चेत गुंता होतो, उकल होते, चूक दाखवली जाते, ती मान्यही होते, आणि पंडित रागावत नाहीत. राजे एक मत मांडतात आणि जो ते मानत नाही त्याला शिक्षा फर्मावतात. राजा पंडितांची रीत पत्करतो.

वादाचं पुढे शास्त्र झालं. पाटलिपुत्राच्या संगीतीशी (भिक्षूंच्या परिषदेशी) आणि मोग्गलिपुत्त तिस्स या भिक्षूशी जोडलेल्या कथावत्थू या ग्रंथात दोनशेहून अधिक मतं खोडली आहेत, पण मूळ ग्रंथात ती कोणत्या निकायाची, म्हणजे उपपंथाची, ते लिहिलेलं नाही. नावं अट्ठकथेतून कळतात. हेतू काहीही असो, मत पुढे येतं आणि माणूस मागे राहतो. सातव्या शतकाच्या सुमारास बौद्ध तर्कपंडित धर्मकीर्तीने ‘वादन्याय’ लिहिला. काट्याकुंपणाने रोपं राखतात तसं तत्त्वाच्या रक्षणासाठी जल्प-वितंडा, म्हणजे जिंकण्यासाठीचा वाद, चालते, असं न्यायसूत्रं म्हणत. धर्मकीर्तीला छल, म्हणजे शब्दांची चलाखी, करून मिळवलेला जय सज्जनांना न शोभणारा वाटला. त्याच शतकात आलेल्या चिनी प्रवासी इत्सिंगने नोंदवलं, की महायानी आणि हीनयानी दोघंही एकच विनय पाळतात. बोधिसत्त्वांची पूजा करतात आणि महायान सूत्रं वाचतात ते महायानी, एवढाच फरक. असं राहणं शक्य झालं, कारण संघभेद ठरायचा तो वेगळ्या मतावरून नव्हे, एकाच सीमेत (विहाराच्या ठरलेल्या हद्दीत) वेगळा उपोसथ, म्हणजे पंधरवड्याचा सामूहिक विधी, केल्यावरून. विचार वेगळा ठेवून एका पंगतीत बसायला जागा होती.

25 नोव्हेंबर 1949 ला संविधान सभेतल्या भाषणात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हीच बाजू पुढे आणली. भिक्षुसंघात आसनव्यवस्था, ठराव, गणसंख्या, मतमोजणी, गुप्त मतदान, निंदाव्यंजक ठराव हे सारं होतं, याची त्यांनी आठवण करून दिली. नव्या संसदेच्या उंबरठ्यावर त्यांनी संघाची करुणा सांगितली नाही, कामकाजाचे नियम सांगितले.

ते नियम अजून पुरते कागदावर गेलेले नाहीत. आश्विन पौर्णिमेला, वर्षावास संपताना, आजही विहारांत पवारणा होते. तिचा क्रम विनयात ठरलेला आहे: सुरुवात सगळ्यात ज्येष्ठ भिक्षूपासून. तो उकिडवा बसतो, हात जोडतो आणि आपल्याहून धाकट्यांना ‘आवुसो’ (मित्रांनो) म्हणून तीनदा विनवतो, माझं काही चुकलं असेल तर सांगा.